बांबूच्या कांडीला पालवी येते, पण रोप दोन महिन्यांत मरतं: काय काय तपासायचं

मार्चमध्ये लावलेल्या माणग्याच्या (ही आमच्याकडची बांबूची जात) कांड्यांना एप्रिलमध्ये हिरवीगार पालवी येते, घरातले सगळे खूश होतात आणि मे संपता संपता निम्मा वाफा वाळलेला असतो. आजरा तालुक्यात, आंबोलीच्या वाटेवर आमची घरची रोपवाटिका आहे. सासरे (आम्ही त्यांना मामा म्हणतो), सासूबाई, माझे यजमान, धाकटे दीर आणि मी, एवढेच जण ती सांभाळतो. पहिली तीन वर्षं लागोपाठ आमच्याकडे हेच झालं. आता कारण पटकन सापडतं, पण तक्रार संपलेली नाही. दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी वाळलेल्या रोपाचा फोटो पाठवून विचारतं, "वहिनी, काय चुकलं?" म्हणून तपासण्याचा क्रम एकदा नीट लिहून काढते.

आमच्या भागात उसाची सवय असल्यामुळे शब्दांचा घोळ होतो. मी 'पेर' म्हणते ते गाठीला, जिथे डोळा असतो. 'कांडी' म्हणजे लावायला कापलेला तुकडा. 'काठी' म्हणजे बेटातला अख्खा बांबू.

आधी लक्षण ओळखा

सगळी मेलेली रोपं एकाच कारणानं मरत नाहीत. आमच्याकडे पाच प्रकार दिसले.

पहिला आणि सगळ्यात जास्त दिसणारा: दोन-तीन आठवड्यांत पालवी येते, दीड-दोन महिने रोप छान दिसतं, मग पानांची सुरळी होते, टोकं वाळतात आणि आठवड्याभरात सगळं पेंढ्यासारखं होतं. कांडी उचलली की एकही मूळ न तुटता हातात येते.

दुसरा: खालची पानं आधी पिवळी पडतात. पिशवी उचलली तर जड लागते आणि मातीला कुबट वास येतो. हा बहुतेक जुलै-ऑगस्टमध्ये दिसतो.

तिसरा: काल हिरवं असलेलं रोप आज मान टाकतं. आजूबाजूची रोपं ठणठणीत असतात.

चौथा: डोळा फुटतच नाही, काळा पडून बसतो.

पाचव्यात रोप जगतं, पण वर्ष झालं तरी त्याला दुसरा कोंब येत नाही. हे रोप गिऱ्हाईक आनंदानं घेऊन जातं आणि दोन वर्षांनी तक्रार घेऊन परत येतं, म्हणून मी त्यालाही मेलेल्यांतच धरते.

पालवी कशावर येते

ऊस लावणाऱ्या माणसाला माणगा फसवतो, कारण उसाच्या टिपरीला पेराभोवती मुळांच्या ठिपक्यांची रांग तयारच असते. ओल मिळाली की ती सुटते. माणग्याच्या काठीला तसं नसतं. त्याचं मूळ फांदीच्या फुगीर बुडाशी नव्यानं तयार व्हावं लागतं आणि त्याला दीड ते तीन महिने लागतात. पालवी मात्र दोन-तीन आठवड्यांतच येते. ती येते काठीत साठलेल्या शिदोरीवर. मुळं नसतानाही पानं हिरवी राहतात, ती शिदोरी संपेपर्यंत. त्या आत मुळं सुटली तर रोप जगतं, नाहीतर दोन महिन्यांच्या आसपास वाळतं. म्हणून एप्रिलच्या हिरव्या वाफ्याकडे बघून मी आता कुणाचीही आगाऊ मागणी घेत नाही.

मुळांनंतर तिसरी पायरी कंदाची. जमिनीखाली कंद धरला तरच पुढच्या पावसाळ्यात नवा कोंब येतो. आधी पालवी, मग मुळं, मग कंद, हा क्रम डोक्यात ठेवला की पुढची प्रत्येक तपासणी कशासाठी आहे ते कळतं.

१. पाच कांड्या उकरून बघा (खर्च काही नाही)

वाळायला लागलेल्या दोन, शेजारच्या हिरव्या दोन आणि लांबच्या कोपऱ्यातली एक, अशा पाच कांड्या निवडा. ओढून काढू नका. आमच्याकडे सुरुवातीला येणारा-जाणारा प्रत्येक जण "लागलंय का बघू" म्हणत कांडी हलवून बघायचा. नुकतं सुटलेलं मूळ काकडीसारखं ठिसूळ असतं. एक हिसका पुरतो आणि ते रोप पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, तेही शिदोरी अर्धी संपल्यावर. वाफ्याच्या कडेनं माती ओली करा, हातानं बाजूला सारा आणि कांडी खालून उचला. मग तांब्यातलं पाणी हळू ओतून माती धुवा.

पांढरी, टोकाला चमकदार मुळं दिसली तर कांडी आहे तशी परत ठेवा, दोष पाण्यात किंवा उन्हात आहे. फांदीच्या बुडाशी नुसते फुगीर उंचवटे असतील तर मुळं वाटेवर आहेत. फक्त सावली आणि ओल सांभाळा, तीन आठवडे हात लावू नका. तपकिरी आणि दाबली की साल सुटणारी मुळं म्हणजे कूज. मुळं तुटलेली, कुरतडलेली असतील तर कीड. आणि काहीच नसेल, बूड गुळगुळीत असेल, तर दोष कांडीत किंवा ती कापण्याच्या वेळेत आहे. तुम्ही सहाव्या आणि सातव्या मुद्द्यावर जा.

ही तपासणी टाळून बरेच जण थेट औषधाच्या दुकानात जातात. आम्हीही गेलो होतो. मुळंच नसलेल्या कांडीवर कुजेचं औषध ओतून काय होणार?

२. सकाळी सातला पानं बघा

दुपारी बांबूची पानं सुरळी होतात, ते त्याचं ऊन सोसणं आहे, त्याला घाबरून पाणी ओतू नका. सूर्य वर यायच्या आत बघा. तेव्हाही पान गुंडाळलेलंच असेल तर रोपाला पाणी मिळत नाही. मग बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी कमी आहे. ओलं, गार आणि चिकट लागलं तर पाणी जास्त आहे, मुळांना हवा नाही. दोन्ही वेळा पान सारखंच दिसतं, म्हणून बोट घालायचं.

एप्रिल-मेमध्ये आम्ही सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं पाणी देतो, झारीनं. पाइपची धार सोडली की कांडीवरची माती निघते, डोळा उघडा पडतो आणि वाळतो. आमच्या घरी झारी सासूबाईंच्या हातात असते, त्यांच्याइतकं सारखं पाणी कुणाच्याच हातून पडत नाही.

३. पिशवीतून पाणी जातं का?

पिशवीवर एक पेला पाणी ओता. ते मिनिटाभरात मुरून खालून निघायला हवं. वर तळं साचलं तर पिशवी उचलून भोकं बघा. तयार पिशव्यांना भोकं असतात, पण बहुतेक वेळा ती बाजूला असतात, तळाला नसतात. तळाचं चार बोटं पाणी तसंच राहतं आणि मुळं नेमकी तिथेच पोचतात. खिळा तापवून तळाला चार-पाच भोकं पाडली की काम झालं.

पिशव्या ठेवल्या कुठे तेही बघा. आमच्याकडे जांभा. सपाट जांभ्यावर पावसाळ्यात पाणी तासन्‌तास साचून राहतं. इथे जूनच्या मध्यापासून पाऊस असा लागतो की दिवस-दिवस उघडीप नसते. पिशव्या जमिनीवर मांडलेल्या असतील तर वर कितीही चांगली माती भरा, दुसऱ्या प्रकारचं लक्षण दिसणारच. आम्ही वीतभर उंच गादीवाफा करून त्यावर खडी पसरतो आणि उताराच्या बाजूनं चर काढतो. एका वर्षी चर काढायचा राहिला. त्या कोपऱ्यातल्या पिशव्या श्रावण संपेपर्यंत सगळ्या गेल्या, आणि दोन हात वरच्या ओळीतल्या एकालाही काही झालं नाही. निचऱ्याचं मोल मला तेव्हा कळलं.

४. सावली आणि वारा

मुळं नसलेल्या कांडीची पानं पाणी घालवत असतात आणि भरून द्यायला खाली कोणी नसतं. म्हणून पहिले दोन महिने सावली हवी. ५० टक्क्यांची शेडनेट पुरते. नेट परवडत नसेल तर मांडव घालून वर आंब्याची, जांभळीची डहाळी टाका. आमचे मामा अजून तसंच करतात आणि ते चांगलं चालतं, फक्त दर दहा दिवसांनी डहाळी बदलावी लागते.

घाटमाथ्यावर उन्हापेक्षा वारा जास्त नडतो. मार्च-एप्रिलमध्ये दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो, तो वाफ्याच्या कडेच्या दोन ओळी सुकवून टाकतो. तुमच्याकडे कडेची रोपं मरतात आणि मधली जगतात असं असेल तर कारण बहुतेक हेच. पश्चिमेच्या बाजूला कमरेइतक्या उंचीचं जुनं नेट, साड्या, पोती, जे असेल ते बांधा.

पालवी फार दाट आली असेल तर कात्रीनं प्रत्येक पान निम्मं छाटा. बघायला वाईट वाटतं, पण पाणी जायचं कमी होतं.

विकायच्या आधी महिनाभर सावली हळूहळू कमी करा. सावलीतून उचलून थेट माळावर लावलेलं रोप करपतं.

५. माती, आणि विशेष करून शेणखत

ओली माती मुठीत दाबा आणि सोडा. लाडवासारखी घट्ट राहिली तर ती फार चिकट आहे. बोटानं टोकलं की फुटायला हवी. पिशवीसाठी आम्ही तांबडी माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत सारख्या मापानं घेतो. रुजवायच्या वाफ्यात मात्र खत घालत नाही, नुसती माती, वाळू आणि भाताचं तूस. मुळंच नाहीत तर खाणार कोण? उलट खतामुळे बुरशी आणि किडी मात्र येतात.

शेणखत कच्चं आहे का ते कळायला ढिगात कोपरापर्यंत हात घाला. ऊब लागली तर ते अजून कुजतंय, नवीन मुळांना ते भाजतं. शेणाचा वास येत असेल तरी तेच. दुसरी गोष्ट हुमणीची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या ऊसवाल्यांना तिची ओळख करून द्यायला नको. ती कच्च्या शेणखतातून पिशवीत येते. ढीग पसरून, चाळून घ्या. पांढरी, इंग्रजी 'सी'सारखी वाकडी अळी दिसली की वेचून कोंबड्यांपुढे टाका. तिसऱ्या प्रकारचं लक्षण, म्हणजे एकटंच रोप एका रात्रीत मान टाकतं, ते दहातल्या आठ वेळा हुमणीचं असतं. पिशवी फाडली की ती सापडतेच.

मातीबद्दल शंका असेल तर त्याच मिश्रणात एका डब्यात मूठभर मेथी पेरा. चार-पाच दिवसांत मेथी सरळ, हिरवी उगवली तर माती ठीक आहे. उगवून पिवळी पडली किंवा बुडाशी मोडून पडली तर बांबूलाही तेच होणार. दहा रुपयांची ही परीक्षा मी दर हंगामात पिशव्या भरायच्या आधी करते.

६. काठी कोणती घेतली?

इथे मी जरा जास्त लिहिणार आहे. वरचं सगळं नीट असूनही पहिला प्रकार दिसत असेल तर चूक जवळपास नेहमी इथेच असते. शिवाय ही चूक त्या वर्षी दुरुस्त होत नाही, पुढच्या वर्षाची वाट बघावी लागते.

काठीचं वय बघा. या वर्षीच्या काठीवर खोडाला वेढणारी आवरणं अजून चिकटलेली असतात, पेराजवळ पांढरी भुकटी असते, आणि ती कोवळी असते. तिच्यात शिदोरी कमी, ती लवकर कुजते. तीन-चार वर्षांची काठी पिवळट होते, तिच्यावर दगडफुलासारखे पांढुरके डाग दिसतात. तिचे डोळे झोपलेले असतात. हवी ती मधली, एक पावसाळा पूर्ण काढलेली, आवरणं गळलेली, स्वच्छ हिरवी, फांद्या टणक झालेली. दाट बेटात हे ओळखणं अवघड जातं. म्हणून आम्ही दर दसऱ्याला त्या वर्षीच्या नव्या काठ्यांवर ऑइलपेंटचा पट्टा मारतो, एका वर्षी लाल, पुढच्या वर्षी पिवळा. पन्नास-साठ रुपयांच्या डब्यात दोन वर्षांची अडचण मिटते.

काठीचा भाग बघा. शेंडा बारीक, त्यात काही नसतं. बुडाकडच्या पेरांना बऱ्याचदा फांदीच नसते. मधला भाग घ्या आणि ज्या पेरावर जाड फांदी आहे, जिचं बूड फुगीर आहे, तेच पेर निवडा. मूळ तिथूनच येणार. फांदी काठीला घासून कापू नका, बोटभर राखून छाटा. आम्ही पहिल्या वर्षी कांड्या सुबक दिसाव्यात म्हणून फांद्या अगदी साफ केल्या होत्या. मुळं जिथून यायची ती जागाच आम्ही कोयत्यानं काढून टाकली होती, आणि हे आम्हाला तिसऱ्या वर्षी कळलं.

कांडी दोन पेरांची ठेवा. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं सोडून करवतीनं कापा. कोयत्यानं टोक चिरतं आणि चिरलेल्या टोकातून कूज आत शिरते. वाफ्यात ती आडवी ठेवायची, डोळे डाव्या-उजव्या बाजूला येतील अशी, आणि वर दोन बोटं माती. डोळा खाली गेला तर कोंब वळसा घालून वर येण्यातच दमतो. उभी लावत असाल तर उलटी तर लागत नाही ना, तेवढं बघा. घाईत हे होतं. फांदीचा कोन वरच्या दिशेला असतो, तीच खूण.

आणि कापल्यापासून लावेपर्यंत किती वेळ गेला? सकाळी कापून संध्याकाळपर्यंत लावायलाच हवी. मधल्या वेळात ओल्या बारदानात, सावलीत. एकदा आमची बेटं कमी पडली म्हणून बाहेरून तयार कांड्या मागवल्या. त्या टेंपोत दोन दिवस ताडपत्रीखाली होत्या. वरून हिरव्या दिसत होत्या, म्हणून आम्ही लावल्या. पालवी आली, मुळं आली नाहीत. आता कांडी विकत घ्यायची वेळ आली तर मी काठ्या अख्ख्या आणते आणि घरी कापते.

७. कधी कापली?

आमच्याकडे फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिलचा पहिला आठवडा. पावसाळ्यात बेट नवे कोंब काढतं, त्यांना उंच करायला जुन्या काठ्यांतली शिदोरी वापरली जाते. पाऊस संपल्यावर ती पुन्हा साठायला लागते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी भरलेली असते. जून-जुलैत कापलेली कांडी म्हणजे रिकाम्या डब्यासारखी. ओल भरपूर आहे म्हणून पावसाळ्यात लावायचा मोह होतो, तो टाळा. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे रात्री इतक्या गार असतात की डोळा हलत नाही. खाली कोकणात, कुडाळकडे, थंडी इतकी नसते. तिथल्या लोकांनी आमच्या तारखा जशाच्या तशा घेऊ नयेत.

८. संजीवक

मुळं लवकर सुटावीत म्हणून आयबीए किंवा एनएए ही संजीवकं वापरतात, ती पुडीत मिळतात. केरळच्या वन संशोधन संस्थेनं रूढ केलेली पद्धत अशी: दोन पेरांच्या कांडीला मधोमध छोटी खिडकी पाडायची, आतल्या पोकळीत लिटरला १०० मिलिग्रॅम या प्रमाणाचं द्रावण ओतायचं, प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची आणि खिडकी वर ठेवून कांडी आडवी पुरायची. कळकासारख्या पोकळ बांबूला ती उत्तम. माणगा मात्र बुडाकडे जवळजवळ भरीव असतो, त्यात ओतायला जागाच नसते. आम्ही माणग्याच्या कांड्या त्याच द्रावणात भिजवून लावतो.

संजीवकाची पूड थेट पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते. आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवायची, मग पाण्यात. घरच्या काट्यावर १०० मिलिग्रॅम मोजता येत नाही, म्हणून १ ग्रॅमची पुडी आणून तिचं १० लिटर द्रावण करा. प्रमाण वाढवलं तर मुळं वाढत नाहीत, डोळा जळतो.

मी हा मुद्दा मुद्दाम आठव्या क्रमांकावर ठेवला आहे. जुन्या काठीला, चुकीच्या महिन्यात, संजीवक लावून काही होत नाही.

९. वाळवी आणि कूज

कांडीच्या टोकाला मातीची नळी दिसली, आतून भुगा निघाला, तर वाळवी. वाफ्याजवळचं वारूळ शोधा, सुका पालापाचोळा आणि लाकडं हलवा, वाफा कोरडा पडू देऊ नका. बहुतेक वेळा एवढ्यानं भागतं.

कूज असेल तर आधी तिसरा मुद्दा पुन्हा तपासा. पाणी साचत असताना औषध टाकणं म्हणजे पैसे चरात सोडणं. निचरा सुधारल्यावर, रोगट पिशव्या लांब नेल्यावर, कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ते तीन ग्रॅम घेऊन बुडाशी ओता. ट्रायकोडर्मा वापरत असाल तर तांब्याचं औषध आणि ते एकत्र देऊ नका. ट्रायकोडर्मा ही चांगली असली तरी बुरशीच आहे, तांबं तिलाही मारतं. आम्ही ट्रायकोडर्मा पिशव्या भरतानाच शेणखतात मिसळतो.

१०. पाचवा प्रकार: वाढ थांबलेलं रोप

याला औषध नाही, वेळ द्यावा लागतो. मुळं धरलेलं रोप मोठ्या पिशवीत घ्या, एक पावसाळा काढू द्या. खाली कंद धरला आहे का ते पिशवीच्या कडेनं बोट घालून चाचपता येतं. कंद टणक लागतो आणि त्याला टोकदार डोळा असतो.

२०१७च्या नोव्हेंबरात वन कायद्यात बदल झाला, खासगी जमिनीतला बांबू कायद्यानं 'झाड' राहिला नाही, तोडीची आणि वाहतुकीची भीती गेली. तेव्हापासून रोपांना मागणी आहे, आणि मागणी आहे म्हणून तीन महिन्यांची, कंद न धरलेली रोपं बाजारात येतात. त्याच पावसाळ्यात विकण्याचा मोह आम्हालाही होतो, कारण वर्षभर सांभाळायचं म्हणजे पाणी, जागा आणि मजुरी. पण लावणाऱ्यानं खड्डे काढलेले असतात, कुंपण केलेलं असतं, तीन-चार वर्षं तो वाट बघणार असतो. त्याच्या हातात कंद नसलेलं रोप देणं मला पटत नाही. आम्ही पुढच्या जूनलाच देतो आणि गिऱ्हाइकासमोर एक पिशवी फाडून दाखवतो.

कुठे थांबायचं आणि कुणाला विचारायचं

वरचं सगळं तपासून, दोन हंगाम सुधारणा करूनही निम्म्याहून जास्त कांड्या जात असतील तर तिसऱ्यांदा तेच करू नका. माती आणि पाणी तपासायला द्या. माती परीक्षण केंद्रात सामू (पीएच) आणि क्षारता कळते. विशेषतः नवी बोअर मारल्यावर त्रास सुरू झाला असेल तर पाणी आधी तपासा. क्षार डोळ्यांना दिसत नाहीत आणि मेथीही थोडे क्षार सोसते.

मर एका पिशवीतून शेजारच्या पिशवीत, मग पुढच्या ओळीत सरकत असेल, बुडाशी तपकिरी कडं दिसत असेल आणि निचरा सुधारूनही थांबत नसेल, तर घरी प्रयोग थांबवा. दोन रोपं मुळांच्या मातीसकट, नुकती आजारी पडलेली (पूर्ण मेलेल्या रोपात काही सापडत नाही), कागदात गुंडाळून कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात न्या. आमच्या भागाला कोल्हापूरचं कृषी महाविद्यालय जवळ. बांबूबद्दल दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या वनशास्त्र महाविद्यालयातही विचारता येतं. तोवर त्या वाफ्यातलं एकही रोप विकू नका, देऊ नका. पिशवीतल्या मातीबरोबर रोग दुसऱ्याच्या शेतात जातो.

दुकानदारानं दोन औषधं मिसळून मारायला सांगितली तर कृषी सहायकांना विचारल्याशिवाय मारू नका.

एकाच जागी झाडूसारख्या बारीक फांद्यांचा झुबका येत असेल तर त्या बेटाच्या कांड्या घेऊ नका, तज्ज्ञांना दाखवा.

शेवटचं, फुलोऱ्याचं. कळक आणि मेस या बांबूच्या जाती साधारण तीस ते पन्नास वर्षांतून एकदा फुलोऱ्यावर येतात. पानं गळतात, काठीवर गवताच्या लोंब्यांसारखे झुबके लोंबतात आणि बी पडल्यावर अख्खं बेट मरतं. अशा बेटातून कापलेली कांडी वयानं कोवळी दिसली तरी तिच्यात आईचंच घड्याळ चालू असतं. तिला पालवी ऐवजी फुलोराच येतो आणि ती मरते. हे दिसलं तर कांड्या घेणं थांबवा, वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवा, आणि बी गोळा करायची तयारी ठेवा. कळकाचं बी फार दिवस टिकत नाही, पडल्यावर काही महिन्यांत पेरावं लागतं, आणि उंदीर तुमच्या आधी पोचतात. मिझोराममध्ये १९५९ च्या आसपास आणि पुन्हा २००७ च्या सुमाराला बांबू फुलल्यावर उंदरांनी शेतंच्या शेतं फस्त केली होती.

आमच्या ओढ्याकाठच्या कळकाच्या एका बेटाला गेल्या माघात दोन काठ्यांवर लोंब्या दिसल्या. मामांनी त्या बेटाला पांढरं फडकं बांधलं आहे. या वर्षी त्यातून एकही कांडी घेतलेली नाही, खाली जुन्या साड्या अंथरल्या आहेत आणि धाकटे भाऊजी दर आठ दिवसांनी जाऊन झटकून बघतात.